ऑनलाइन स्कॅव्हेंजर हंट (वस्तू किंवा उत्तरं शोधून काढायचा खेळ) घ्यायचाय, टीम सगळी रिमोट. कसं जमवू?

धांदरट_लीड: टीममध्ये २२ जण आहेत, टाइम झोन वेगवेगळे, निम्मे कॅमेरा ऑनच करत नाहीत. नुसतं 'लाल वस्तू आणा' केलं तर लोक कंटाळतील ना?

कोडेवाला: कंटाळतील कशाला, पण वस्तूचं नाव सरळ सांगू नका, 'तुमच्यापेक्षा वयाने मोठी वस्तू आणा' म्हणा, मग बघा कोण काय काढतं ते, गप्पा आपोआप सुरू होतात. ४-५ जणांचे गट करून ब्रेकआउट रूममध्ये (व्हिडिओ कॉलमधल्या छोट्या वेगळ्या रूम) सोडा, २२ जण एकत्र ठेवले की तिघंच बोलतात आणि बाकीचे मेल वाचत बसतात.

शांत_कोपरा: कॅमेऱ्याची सक्ती नको प्लीज. सगळ्यांनाच घर दाखवायचं नसतं. फोटो टाकला तरी चालेल असं आधीच सांगा, आणि धावपळीचे टास्क कमी ठेवा, सगळ्यांना पटकन उठता येतंच असं नाही.

कोडेवाला: +१, हे राहिलंच.

फॉर्मभक्त: कोडी ठेवणार असाल तर गूगल फॉर्म बेस्ट. प्रत्येक कोडं वेगळ्या सेक्शनमध्ये टाका आणि शॉर्ट आन्सरला रिस्पॉन्स व्हॅलिडेशन लावा, म्हणजे उत्तर चुकलं की पुढे जाताच येत नाही. फक्त प्रश्न रिक्वायर्ड करायला विसरू नका, नाहीतर लोक रिकामं सोडून आरामात पुढे सटकतात 😄

धांदरट_लीड: भारी! पण टाइम झोनचं काय?

शांत_कोपरा: लाइव्हचा हट्ट सोडा, चॅटवर रोज एक क्लू, उत्तराला २४ तास. मात्र पहिल्या उत्तराला जास्त पॉइंट देऊ नका, तेव्हा झोपलेले बिचारे कायम मागेच राहतात.