सरकारवर भरपाईचा दावा: कस्तुरीलाल निकाल मोडीत काढायला कायदा हवा का?

धागाकर्ता:
सरकारवर दावा लावता येतो, हे घटनेच्या कलम ३०० मध्ये आहे. जबाबदारी किती, याचं उत्तर मात्र थेट ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात शोधावं लागतं. १९४७ मध्ये मेरठ पोलिसांनी कस्तुरीलाल फर्मच्या भागीदाराकडून १०३ तोळ्यांहून जास्त सोनं आणि चांदी जप्त केली. चांदी परत मिळाली, सोनं मात्र मालखान्यातून (जप्त माल ठेवायच्या पोलिसांच्या खोलीतून) हेडकॉन्स्टेबलने लांबवलं आणि तो पाकिस्तानात पळाला. पोलिसांचा निष्काळजीपणा सुप्रीम कोर्टाने मान्य केला, तरी दावा फेटाळला. कारण काय, तर अटक-जप्ती हे सार्वभौम अधिकार, म्हणजे फक्त राज्यसत्तेलाच असलेले, आणि ते वापरताना चूक झाली तरी भरपाई नाही! निकाल देणाऱ्या सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनीच संसदेने कायदा करावा असं सुचवलं. १९६५ आणि १९६७ ची विधेयकं बारगळली. कायदा हवाच.

घटनाप्रेमी:
असहमत. कोर्टांनी हे काम केव्हाच केलंय. नीलबती बेहेरा (१९९३) कोठडीमृत्यूत दीड लाख भरपाई मिळाली, आणि मूलभूत हक्कांच्या रिटमध्ये (हायकोर्ट-सुप्रीम कोर्टात थेट केलेल्या अर्जात) सार्वभौम अधिकाराचा बचाव चालत नाही हे ठरलं. नागेंद्र राव (१९९४) मध्ये जप्त खत पडून खराब झालं, तिथे तर साध्या दिवाणी दाव्यात सरकार जबाबदार ठरलं.

धागाकर्ता:
नागेंद्र राव लहान पीठाचा, कस्तुरीलाल पाच न्यायाधीशांचा, म्हणून तो कस्तुरीलाल मोडू शकत नाही. आणि वस्तुस्थितीवरच वाद असला की हायकोर्ट रिटमधून दिवाणी कोर्टाकडे धाडतं. तिथे कस्तुरीलाल पुन्हा समोर येतो.

घटनाप्रेमी:
येऊ दे. त्याची बंधनकारक ताकद बरीच झिजलीय, हे २००० साली चल्ला रामकृष्ण रेड्डी प्रकरणात सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय.

दिवाणी वकील:
दोघांनीही खरी अडचण सोडली. दावे आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० च्या नोटिशीत अडकतात. राज्य सरकारसाठी ती सचिव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची. नाव, पत्ता, दाव्याचं कारण, मागणी लिहायची, शिक्क्यासह पोच घ्यायची आणि दोन महिने थांबायचं. दाव्यातही नोटीस दिल्याचं लिहावं लागतं. ८०(३) तांत्रिक चूक माफ करतं, पण नोटीस योग्य कार्यालयात पोचलेली हवी. नुसती तहसीलदाराला देऊन भागत नाही. तातडी असेल तर ८०(२) खाली कोर्टाची परवानगी मागा. दावा लावायच्या मुदतीतून नोटिशीचा काळ वगळतात, तरी तीन वर्षं आहेत म्हणून निवांत राहू नका. कृत्य एखाद्या कायद्याखालचं असलं की सरकारी वकील मुदत कायद्याच्या अनुच्छेद ७२ ची एक वर्षाची मुदत पुढे करतो.

धागाकर्ता:
नोटीस बिनचूक दिली तरी निकाल कामाच्या स्वरूपावरच लटकतो ना? विद्यावती (१९६२) मध्ये उदयपूरच्या कलेक्टरांची जीप दुरुस्तीहून परतताना अपघात झाला, म्हणून सरकारने भरपाई दिली. तीच जीप दंगलीच्या बंदोबस्ताला निघाली असती, तर मेलेल्या माणसाच्या बायकोला काय सांगणार होतात?