मदत हवी आहे: तापमान वाढवलं की काजळी घटते, मॉडेलमध्ये मात्र वाढतच जाते

धगधग:
शॉक ट्यूबमध्ये (आघात-तरंगाने वायू क्षणात तापवणारी नळी) टोल्यूइन (वलय असलेलं हायड्रोकार्बन) तापवतोय. 1600 केल्विनपासून काजळी वाढत जाते, 1900 ओलांडलं की झपाट्याने उतरते. संगणकावरच्या मॉडेलमध्ये उतरतच नाही. प्रयोग चुकतोय की मॉडेल? उद्या गाईडना आलेख दाखवायचाय, लवकर सांगा.

निळीज्योत:
ऑक्सिजन किती? मोजता कशाने?

भट्टीवाला:
जास्त तापमानाला काजळी जळून जाते, बाकी काही नाही. डिझेल गाडीचा फिल्टर बघा, 600 अंश सेल्सियसच्या आसपास गेला की साफ. गाडी अधूनमधून सलग वेगात चालवावी, फिल्टर तुंबत नाही.

धगधग:
गाडीचं कुठे विचारलंय! ऑक्सिजन शून्य, 99 टक्के आर्गॉन. काजळी किती प्रकाश शोषते ते हेलियम-निऑनच्या लाल लेसरने मोजतो, 632.8 नॅनोमीटर.

निळीज्योत:
भट्टीवाला, ऑक्सिजनच नाही तर जळेल कशी?
धगधग, प्रयोग बरोबर वाटतोय. काजळीचे संशोधक फ्रेनक्लाख आणि सहकाऱ्यांनी 1980च्या दशकातच शॉक ट्यूबमध्ये असा घंटेच्या आकाराचा आलेख दाखवलाय. कार्बनच्या वलयांच्या काठावरचा हायड्रोजन निघतो, रिकाम्या जागी ॲसिटिलीन चिकटतं, असं करत वलयं वाढतात आणि काजळी बनते. तापमान फार चढलं की चिकटलेलं ॲसिटिलीन टिकत नाही, सुटून जातं. कार्बन कुठे जात नाही, ॲसिटिलीनच्या रूपात वायूतच राहतो.
मॉडेलमध्ये पायरीनच्या (चार वलयांचा रेणू, त्याच्या जोडीपासून काजळीचा कण सुरू होतो) जोड्या जुळल्या की कायमच्या, असं धरलंय का?

भट्टीवाला:
आधी हवेची गळती तपासा. मी व्हॅक्यूमवर काम केलंय, निम्म्या भानगडी तिथेच असतात.

निळीज्योत:
गळती असती तर दर शॉटला आकडे इकडेतिकडे झाले असते, एवढी नीट घंटा आली नसती.

ठिणगी:
मी तर लेसर बदला म्हणेन. लाल प्रकाश काजळीबरोबर मोठ्या वलयांचे रेणूही शोषतात. आम्ही 1064 नॅनोमीटरवर गेलो, तेव्हा कुठे आकड्यांवर विश्वास बसला.

निळीज्योत:
ते कमी तापमानाच्या बाजूला. तिथे काजळी फुगवून दिसेल, वरची घसरण त्याने होत नाही. पण धगधग, शॉकनंतर किती वेळाने मोजता? वेळ वाढवली की शिखर कमी तापमानाकडे सरकतं. मॉडेलमध्येही तीच वेळ हवी.

धगधग:
1.5 मिलिसेकंद. मॉडेल 5 पर्यंत चालवलं होतं. आणि हो, जोड्या कायमच्याच धरल्यात. जोड्या सुटण्याची उलट अभिक्रिया घालून रन लावलाय.

भट्टीवाला:
गळतीचं बघा तरीही.