मुलाकडचं व्हेप आणि दिरांचं व्हेप: दोन्ही एकच का?

म्हापसेकर आई

माझा मुलगा अकरावीत आहे, वय सोळा. परवा त्याच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक चपटी, गुलाबी-निळी डबी मिळाली. आधी मला पॉवर बँक वाटली. नाकाजवळ नेली तर आंब्याचा गोड वास आला आणि त्याच्या खोलीत मधूनमधून येणाऱ्या वासाचा उलगडा झाला. मी इतके दिवस ते कसलं तरी बॉडी स्प्रे समजत होते. ते व्हेप निघालं, म्हणजे ई-सिगारेट. डबीवर लिहिलंय ‘मँगो आइस’ आणि खाली ‘५%’.

विचारल्यावर त्याने नाकारलं नाही. म्हणाला, “काका पण ओढतात ना? तेव्हा तूच म्हणालीस, बरं झालं, सिगारेट सुटली.”

हे खरं आहे. माझे धाकटे दीर इंग्लंडमधल्या स्विंडनला असतात. चतुर्थीला आले तेव्हा अंगणात जाऊन एक जाडसर काळं यंत्र ओढत होते, त्यात छोट्या बाटलीतून काहीतरी भरत होते. त्याचा वास तंबाखूचा आणि थोडा पुदिन्याचा. कॉलेजपासूनची त्यांची सिगारेट त्या यंत्रामुळे सुटली, हे आम्ही सगळ्यांनी बघितलंय.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. आधी मला नीट समजून घ्यायचंय. ही दोन यंत्रं एकच का? मुलांना आंबा-कलिंगड आणि मोठ्यांना तंबाखू असंच असतं का? आणि ‘काका ओढतात’ याला मी काय उत्तर देऊ?

फोंड्याचा मास्तर

ताई, कायद्याचं आधी सांगतो. आपल्याकडे १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात, सगळ्यावर देशभर बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसतं ओढणाऱ्याला या कायद्यात वेगळी शिक्षा नाही, त्यामुळे मुलगा गुन्हेगार ठरेल या भीतीने गप्प बसू नका. त्याला ते कोणी विकलं, हा मात्र गुन्हा आहे. कायदा फ्लेवर बघत नाही आणि यंत्रही बघत नाही. तुमच्या दिरांनाही पुढच्या वेळी ते तिथेच ठेवून यायला सांगा.

आमच्या हायर सेकंडरीत दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा विषय पालकसभेत कधी निघाला नव्हता. आता निघतो.

डिचोलीचा, स्विंडन रिटर्न

ताई, मी स्विंडनमध्येच एका व्हेपच्या दुकानात काउंटरवर काम केलंय, बरीच वर्षं. आता डिचोलीला कायमचा परत आलोय. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून लांब लिहितोय.

फ्लेवरपासून सुरू करतो, कारण तिथेच लोकांची सगळ्यात जास्त गफलत होते. मोठ्यांना तंबाखू आणि मुलांना फळं, असं नसतं. सिगारेट सोडायला आलेला पन्नाशीचा ट्रक ड्रायव्हर पहिल्या दिवशी हमखास तंबाखूचा फ्लेवर मागायचा. काही आठवड्यांनी तोच परत येऊन म्हणायचा, दुसरं काहीतरी दे. सिगारेट सुटली की जिभेला आणि नाकाला चव-वास परत कळायला लागतात, आणि त्या बाटलीतली ‘तंबाखू’ जळलेल्या तंबाखूसारखी लागतच नाही. काहींना तर सिगारेटची आठवणच नको असायची. मग ते ब्लूबेरी, कस्टर्ड, बडीशेप अशा चवींकडे वळायचे. २० मे २०२० ला ब्रिटनमध्ये मेंथॉल सिगारेट बंद झाली. ती ओढणारे आमच्याकडे पुदिना आणि मेंथॉल मागायला यायचे आणि बहुतेक त्यावरच राहायचे. तुमच्या दिरांसारखे तंबाखू धरून बसलेलेही होते, बहुधा वयाने मोठे, किंवा अधूनमधून सिगारेटही ओढणारे. पण ब्रिटन घ्या की अमेरिका, व्हेप ओढणाऱ्या मोठ्या माणसांतही आज फळांचाच नंबर पहिला लागतो.

मुलांचं बघा. अमेरिकेत शाळकरी मुलांची दरवर्षी पाहणी होते. २०२४ च्या पाहणीत व्हेप ओढणाऱ्या मुलांपैकी ८७.६ टक्के फ्लेवरवालं ओढत होती. त्यांत फळं ६२.८ टक्के, गोळ्या-मिठायांसारखे गोड प्रकार ३३.३ टक्के, पुदिना २५.१ टक्के. म्हणजे आंबा आवडणं हे वयाचं लक्षण नाही. फरक कुठे पडतो, तर गोड चवीमुळे मोठा माणूस सिगारेटपासून लांब राहतो आणि कधीच सिगारेट न ओढलेलं पोर त्याच गोड चवीमुळे पहिला झुरका घेतं.

आता यंत्र. माझ्या मते खरी मेख इथे आहे.

मोठी गिऱ्हाइकं सुरुवातीला सिगारेटसारखं दिसणारं बारीक व्हेप घ्यायची आणि वैतागून परत यायची, कारण त्यात दम नसायचा. मग टाकीवालं यंत्र, भरायची बाटली वेगळी, आतली कॉइल, म्हणजे रस तापवणारी तार, बदलता येणारी. काही शौकीन वॅट कमी-जास्त करणारा मोठा बॉक्स घ्यायचे. यात खटपट असते, खर्चाचा हिशेब असतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निकोटीन किती ते माणूस स्वतः निवडतो. आमच्या दुकानातली शहाणी गिऱ्हाइकं एका मिलिलिटरला १८ मिलिग्रॅमवरून १२, मग ६, मग ३ अशी खाली यायची. एक बाई शून्यावर आल्या तेव्हा मिठाईचा डबा घेऊन आल्या होत्या. दुकानात सगळ्यांनी खाल्ली.

पोरांना हे काही नको असतं. अठराच्या खालच्याला विकायला तिथे बंदी आहे आणि पंचविशीच्या आतला वाटला की आम्ही ओळखपत्र मागायचो. तरी शाळेच्या गणवेशातली मुलं दारात उभी राहून आत येणाऱ्या मोठ्यांना ‘आमच्यासाठी एक घ्या ना’ म्हणायची. ती मागायची नावाने आणि रंगाने. निळं द्या, गुलाबी द्या. किती मिलिग्रॅम, असं एकाही पोराने विचारलेलं मला आठवत नाही. त्यांना डिस्पोजेबल हवं असतं: भरणं नाही, बटण नाही, तोंडाला लावलं की सुरू, संपलं की फेकलं. मुठीत मावतं, शर्टाला वास राहत नाही.

हे वारं किती वेगाने फिरलं ते सांगतो. आधी अमेरिकेतल्या मुलांच्या हातात जूल नावाचं यंत्र असायचं, त्यात रसाची भरलेली कुपी, म्हणजे पॉड, बदलायचं. २०२० च्या सुरुवातीला तिथल्या सरकारने पॉडवाल्या यंत्रांतले तंबाखू आणि मेंथॉल सोडून बाकी फ्लेवर रोखायचे ठरवले, पण डिस्पोजेबल त्यातून सुटलं. व्हेप ओढणाऱ्या हायस्कूलच्या मुलांमध्ये डिस्पोजेबलवाले २०१९ ला २.४ टक्के होते, २०२० ला २६.५ टक्के झाले. २०२४ ला सगळ्या शाळकरी व्हेपवाल्यांत ते निम्म्याहून जास्त. ब्रिटनमध्येही तेच झालं: व्हेप ओढणाऱ्या ११ ते १७ वयाच्या मुलांत डिस्पोजेबलवाले २०२१ ला ७.७ टक्के आणि २०२२ ला ५२ टक्के. शेवटी तिथे १ जून २०२५ पासून डिस्पोजेबलची विक्रीच बंद केली.

आणि तुमच्या डबीवरचं ते ‘५%’. ५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम निकोटीन. ब्रिटनमध्ये कायद्याने कमाल २० आहे, आणि टाकीत २ मिलिलिटरच रस. डबीवर रस किती मिलिलिटर लिहिलाय ते बघा. १० असेल तर आत ५०० मिलिग्रॅम झालं. सगळंच रक्तात जात नाही, पण एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते २ मिलिग्रॅम जातं, त्यावरून अंदाज करा. तेही लेबल खरं असेल तर. चोरून आलेल्या मालावर काय लिहिलंय आणि आत काय आहे, हे तपासणारं कोणीच नसतं.

इतकं निकोटीन नवख्या पोराला सोसतं कसं, असं तुमच्या मनात येईल. जुन्या पद्धतीचं कडक निकोटीन घशाला असं लागायचं की नवखा खोकून बाजूला ठेवायचा. नंतर त्यात बेंझोइक आम्ल मिसळून निकोटीनचा क्षार करायला लागले. तो घशाला मऊ लागतो. म्हणजे घशाला लागणारा जाळ काढून घेतला आणि निकोटीन तेवढंच ठेवलं. तुमच्या दिरांनी यंत्र घेतलं तेव्हा त्यांच्या अंगात निकोटीन आधीच मुरलेलं होतं, तेच ते आता उतरवतायत. मुलाच्या अंगात ते नव्हतंच. गोव्यात तर बहुतेक घरांत नसतं: २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत तंबाखू वापरणारे प्रौढ आपल्याकडे ९.७ टक्के निघाले, सगळ्या राज्यांत सगळ्यात कमी. त्यामुळे आपल्या पोरांच्या हातातलं व्हेप सिगारेट सोडवायला आलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

पणजीचा कॉलेजवाला

काकू, मी एकोणीस वर्षांचा आहे. माझ्या ग्रुपमध्ये चौघं ओढतात, मी सोडलंय. खरं सांगू, आंबा की कलिंगड यावर कोणी फार विचार करत नाही, जे मिळेल ते घेतात. पण ‘आइस’, म्हणजे गारवा, लागतोच. तो नसेल तर घसा खवखवतो. सिगारेट पेटवायची म्हणजे लायटर हवा, कोपरा हवा, नंतर हाताला वास. हे कॉलेजच्या बाथरूममध्ये, बसमध्ये, कुठेही होतं, त्यामुळे दिवसभरात किती ओढलं ते कळतच नाही. सिगारेट निदान संपते तरी. माल हणजूण-वागातोरकडून कोणीतरी आणतो, व्हॉट्सॲपवर ठरतं. ओरडू नका त्याला. माझ्या बाबांनी ओरडून घेतलं, मी जास्त लपवायला लागलो.

म्हापसेकर आई

दादा, बाळा, दोघांचेही मनापासून आभार. डबीवर १२ मिलिलिटर लिहिलंय. हिशेब करून पाहिला आणि थोडा वेळ काही सुचलंच नाही. हल्ली तो सकाळी उठल्या उठल्या चिडलेला असतो आणि बाथरूममध्ये बराच वेळ लावतो. याचा त्याच्याशी संबंध असेल का? आणि त्याला एकदम बंद करायला लावू की दिरांसारखं हळूहळू?

डिचोलीचा, स्विंडन रिटर्न

संबंध असू शकतो. सिगारेटवाल्यांनाही पहिला प्रश्न हाच विचारतात: उठल्यावर किती वेळात लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर सवय खोलवर गेलीय असं धरतात. त्याला शांतपणे हे विचारा. दिवसभर वर्गात काढवतं का, रात्री मध्येच उठून ओढतो का, तेही विचारा. डबी कुठून आली, हे दुसऱ्या दिवशी विचारलंत तरी चालेल. पहिल्याच दमात तो प्रश्न टाकलात तर बाकीची उत्तरं मिळणार नाहीत.

हळूहळू करायचं म्हणून दिरांचं यंत्र त्याच्या हातात देऊ नका. आणि डिस्पोजेबलमध्ये कमी-जास्त करायची सोयच नसते, आतलं आहे ते आहे. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण: चिडचिड, झोप नाही, अभ्यासात लक्ष नाही. पुढे दोन ते चार आठवड्यांत ते उतरत जातं. परीक्षेच्या तोंडावर सुरू करू नका, एखाद्या सुट्टीला जोडून करा. निकोटीनचं च्युइंगगम मेडिकलवर मिळतं, पण सोळाव्या वर्षी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची हेल्पलाइन १८००-११२-३५६ आहे, फोन फुकट आहे. बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मानसोपचार संस्थेत व्यसनावर उपचार होतात. मनाचं हॉस्पिटल म्हणून लोक तिथे जायला लाजतात, पण सवय अंगात किती गेलीय हे ओळखणारी माणसं तिथेच आहेत.

कॉलेजवाल्या मित्रा, ‘आइस’बद्दल तू फार महत्त्वाचं सांगितलंस. त्यात पुदिन्याची चव असेलच असं नाही, गारवा देणारं रसायन असतं. घसा खवखवणं ही शरीराने दिलेली सूचना आहे आणि आइसमुळे तीच कळेनाशी होते. सोडलंस ते फार चांगलं केलंस. त्या चौघांना कसं सोडलंस ते सांग, माझ्यापेक्षा तुझं ऐकतील.

ताई, ‘काका ओढतात’ याचं उत्तर तुम्ही देऊच नका. भावोजींना व्हिडिओ कॉल लावा आणि दोघांना बोलू द्या. किती मिलिग्रॅमवर सुरू केलं, आज कितीवर आहेत, आणि अजून ते यंत्र खिशात ठेवून का फिरावं लागतं, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगावं. चांगला माणूस असेल तर सांगेल.

आणि ती डबी कचऱ्यात टाकू नका, पाचोळ्याबरोबर जाळू तर नकाच. आत लिथियमची बॅटरी असते, ती भडकते. उरलेला रस लहान मुलाच्या तोंडात गेला तर विष आहे. घरात कोणी धाकटं असेल तर आधी ती वर, कुलपात ठेवा आणि मग ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या.

म्हापसेकर आई

धाकटी सहा वर्षांची आहे. डबी आत्ताच कपाटात कुलपात ठेवली. दिरांना मेसेज केलाय, रविवारी फोन करतो म्हणालेत. ह्यांना आज रात्री मीच सांगते, मुलासमोर नाही.