घरी नवे कार्पेट बसवून घेताना खर्च नेमका कशावर झाला? – आपले अनुभव लिहा

घरातील जुने कार्पेट काढून नवे बसवायचे ठरले की पहिला आकडा कानावर पडतो तो चौरस फुटाच्या किंवा चौरस मीटरच्या दराचा. त्या दराला खोलीच्या क्षेत्रफळाने गुणून आपण मनाशी एक रक्कम धरतो, आणि लेखी अंदाजपत्रक हाती आले की ती रक्कम बरीच मागे पडलेली दिसते. आम्ही तीन ठिकाणांहून अंदाजपत्रके मागवली, तेव्हा एकाने दर चौरस फुटाचा लावला होता, दुसऱ्याने चौरस मीटरचा आणि तिसऱ्याने सर्व खर्च एकत्र करून एकच रक्कम लिहिली होती. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६ चौरस फूट, हे धरून तुलना केली. तरीही एकाच्या दरात खालचे अस्तर आणि मजुरी धरलेली होती व दुसऱ्याच्या नव्हती, हे विचारल्यावरच कळले. चलन आणि भाव जागोजागी वेगळे असल्यामुळे केवळ रकमा न लिहिता कोणत्या बाबीवर खर्चाचा किती भाग गेला आणि कोणती बाब आधी विचारून घ्यायला हवी, हे ज्यांनी हे काम करून घेतले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

* * *

आमच्या बिलातील सर्वांत मोठा फरक मोजमापाचा होता. कार्पेट खोलीच्या आकाराचे विकत मिळत नाही. ते ठरावीक रुंदीच्या रोलमधून कापले जाते आणि पैसे कापलेल्या लांबीचे द्यावे लागतात. हे रोल बहुधा १२ फूट, ४ मीटर किंवा ५ मीटर रुंदीचे असतात. आमची एक खोली ४.३ बाय ३.६ मीटरची, म्हणजे साडेपंधरा चौरस मीटरच्या आसपास. ४ मीटरच्या रोलमधून तिच्यासाठी ४.४ मीटर लांबी घ्यावी लागते आणि पैसे १७.६ चौरस मीटरचे होतात. दुसरी खोली ४.३ बाय ४.२ मीटरची असल्याने तिला ४ मीटरचा रोल थोडक्यात अपुरा पडत होता. एका विक्रेत्याने त्या खोलीसाठी सरळ ५ मीटरचा रोल सुचवला. दुसऱ्या ठिकाणचे माप घेणारे गृहस्थ मात्र जमिनीचा नकाशा काढून बसले आणि त्यांनी दाखवून दिले की पहिल्या खोलीतून रुंदीच्या बाजूला जी लांब पट्टी उरते, तीच दुसऱ्या खोलीतील उणी वीस सेंटिमीटर भरून काढते. जोड एकच, तोही कपाटाखाली जाणारा. दोन्ही खोल्यांचे कापड एकाच रोलमधले असल्याने रंगातही फरक पडला नाही, आणि जवळजवळ चार चौरस मीटर कापड वाचले.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कार्पेटच्या लवेला, म्हणजे वरच्या उभ्या धाग्यांना, दिशा असते. तुकडा आडवा फिरवून जोडला तर प्रकाश वेगळा परावर्तित होतो आणि एकाच खोलीत दोन छटा दिसू लागतात. त्यामुळे अगदी स्वस्त अंदाजपत्रक मिळाले तर जोड किती, कोठे येणार आणि सर्व तुकड्यांची लव एकाच दिशेने राहणार का, हे नकाशावर दाखवायला सांगावे. नक्षीचे कार्पेट असेल तर नक्षी जुळवण्यासाठी आणखी कापड वाया जाते; आम्ही साधे, एकरंगी कार्पेट निवडण्यामागे तेही एक कारण होते.

* * *

जिना असलेल्यांनी त्याचा हिशेब वेगळा मांडावा. खोलीची मजुरी क्षेत्रफळावर ठरते, पण जिन्याची पायरीगणिक आकारली जाते, आणि वळणावरच्या तिरक्या पायऱ्यांचा दर सरळ पायरीपेक्षा जास्त असतो, कारण प्रत्येक पायरी वेगळ्या आकारात कापावी लागते. आमच्याकडे कापडाचा खर्च अपेक्षेपेक्षा कमी आणि मजुरीचा जास्त आला. एका पायरीला सपाट भाग, उभा भाग आणि कडेची गोलाई मिळून साधारण ४७ सेंटिमीटर कापड लागते, म्हणजे बारा सरळ पायऱ्यांना साडेपाच मीटरहून थोडे अधिक. जिना अरुंद असल्यामुळे ४ मीटर रुंदीच्या रोलमधून दीड मीटर लांबी कापून तिच्या चार उभ्या पट्ट्या केल्या आणि प्रत्येक पट्टी तीन पायऱ्यांना पुरली. जोड पायरीच्या मागच्या कोपऱ्यात लपले. अखंड एकच पट्टा हवा असा आग्रह धरला असता तर कापड चौपटीच्या जवळपास लागले असते. जिन्यासाठी अस्तर जाड नव्हे, घट्ट घ्यावे. मऊ अस्तरावर पायरीच्या कडेला पाय पुरेसा टेकत नाही आणि कार्पेटही तेथेच लवकर झिजते.

* * *

मी स्वतः हे काम करतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. मजुरी जास्त वाटते, कारण ग्राहकाला कार्पेट अंथरतानाचा वेळ दिसतो. त्याआधीचा दिसत नाही. जुने कार्पेट व अस्तर काढून गुंडाळणे, खिळे उपटणे, भिंतीलगत टोकदार खिळ्यांच्या लाकडी पट्ट्या ठोकणे, त्या पट्ट्यांच्या आत बसेल असे अस्तर कापणे, मग कार्पेट गुडघ्याने ढकलण्याच्या किंवा खांबासारख्या लांब ताणयंत्राने ताणून त्या खिळ्यांत अडकवणे आणि जोडांवर गरम इस्त्रीने चिकटपट्टी वितळवणे, हे सगळे त्या मजुरीत येते. मोठ्या खोलीत ताण नीट दिला नाही तर काही महिन्यांत सुरकुत्या उठतात, आणि त्या काढण्यासाठी पुन्हा कोणाला तरी पैसे देऊन बोलवावे लागते.

अंदाजपत्रक मागताना पुढील गोष्टी लेखी विचाराव्यात असे मी माझ्या ग्राहकांनाही सांगतो: जुने कार्पेट काढणे आणि ते घेऊन जाऊन त्याची विल्हेवाट लावणे धरले आहे का, जड सामान कोण हलवणार, दारांच्या चौकटीत बसणाऱ्या धातूच्या पट्ट्या धरल्या आहेत का, आणि नवे कार्पेट व अस्तर मिळून उंची वाढल्यामुळे दार घासू लागले तर ते खालून कोण कापणार. शेवटचे काम अनेक कारागीर करतच नाहीत, त्यासाठी सुतार बोलवावा लागतो. सामान आधीच रिकामे करून दिले तर बहुतेक ठिकाणी मजुरीत सवलत मागता येते. जुन्या खिळ्यांच्या पट्ट्या घट्ट आणि न गंजलेल्या असतील तर त्या बदलण्याची गरज नसते, हेही ग्राहकाला ठाऊक असावे.

* * *

आमच्याकडे जुने कार्पेट उचलल्यावर खाली जुनाट चौकोनी फरशा चिकटवलेल्या निघाल्या. फार पूर्वीच्या अशा प्लास्टिकसदृश फरशांमध्ये आणि त्यांच्या काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक असा खनिज तंतू) असू शकते, म्हणून त्या न खरवडता आधी तपासून घेतल्या. तपासणीचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात नव्हता. पण तो टाळण्यासारखाही नव्हता.

* * *

जमिनीविषयी मीही थोडी भर घालते. आमची काँक्रीटची जमीन नव्याने ओतलेली होती आणि कारागिराने ओलावा मोजल्याशिवाय काम घ्यायला नकार दिला. चांगल्या हवेत नवा थर दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने सुकतो, तोही पहिल्या ५० मिलिमीटरपर्यंतच. त्याहून जाड थराला त्याच्या जाडीच्या मानाने बराच अधिक वेळ लागतो. त्यामुळे काम लांबले आणि तोवर कार्पेट दुकानात ठेवून घेण्याची विनंती करावी लागली. त्याचा मला तेव्हा राग आला होता, पण ओल्या जमिनीवरच्या अस्तराला कुबट वास सुटला असता आणि सगळाच खर्च पुन्हा करावा लागला असता.

* * *

‘बसवणी मोफत’ या जाहिरातीबद्दल: आमच्या बाबतीत मजुरी शून्य लिहिली होती, पण तेच कार्पेट मजुरी वेगळी लावणाऱ्या दुकानात कमी दराने मिळत होते, आणि मोफत बसवणीत जिना व जुने काढणे धरलेलेच नव्हते. एकूण रकमेचीच तुलना करावी.

* * *

काटकसर कोठे करावी यावर आमच्या घरात बराच वाद झाला. माझे मत असे की कार्पेट एक पायरी खालचे घेतले तरी चालेल, पण अस्तर चांगले घ्यावे. जुन्या, चेंदामेंदा झालेल्या अस्तरावर महाग कार्पेट टाकले तर त्याची लव लवकर बसते. याचा अर्थ जितके जाड तितके चांगले असा मात्र नाही; घरगुती वापरात ११ मिलिमीटरपेक्षा जाड अस्तर टाळावे असे आम्हाला सांगण्यात आले, कारण फार मऊ अस्तरावर कार्पेट प्रत्येक पावलागणिक वाकते आणि जोड उसवतात. जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या जात असतील तर कार्पेट आणि अस्तर यांचा मिळून उष्णतारोध २.५ टॉगच्या (टॉग हे उष्णतारोध मोजण्याचे एकक) आत असावा, अन्यथा ऊब वर पोहोचत नाही आणि तिचे बिल मात्र येत राहते.

धाग्याचा प्रकारही खोलीनुसार ठरवला तर पैसे वाचतात. ज्या खोलीत वावर कमी तेथे आम्ही पॉलिप्रॉपिलीन घेतले. ते स्वस्त असते, डाग कमी धरते, पण दाबली गेलेली लव नायलॉनइतकी उभी राहत नाही आणि जड सामान ओढत नेले तर घर्षणाच्या उष्णतेनेही त्यावर चकाकता ओरखडा उमटतो. मधल्या वाटेवर, जेथे दिवसभर पाय पडतात, तेथे नायलॉन घेतले. लोकर सुंदर दिसते, सहज पेट घेत नाही, पण तिच्या किमतीचा विचार करता आम्ही ती फक्त हातात घेऊन पाहिली.

* * *

वरील कारागीर महोदयांना एक प्रश्न: काम संपल्यावर उरलेले तुकडे कारागीर घेऊन जातात, ते योग्य आहे का?

* * *

ते तुकडे तुमच्या पैशांचे आहेत, तेव्हा ठेवून घ्यावेत असे स्पष्ट सांगावे. हातभर आकाराचे दोन-तीन तुकडे गुंडाळून ठेवले तर पुढे जळल्याचा डाग पडल्यास तेवढाच भाग कापून ठिगळ बसवता येते. मात्र लवेची दिशा कळावी म्हणून तुकड्याच्या पाठीवर खडूने बाण काढून घ्या.