मदत हवी आहे: आजोबांच्या वहीतली '७३ गुं.' आणि 'सहा नंबर' बंदुकीची दारू

नमस्कार मंडळी,

मी ग्वाल्हेरची, लष्कर भागात राहते. आमच्या जुन्या वाड्याची वाटणी व्हायची आहे, म्हणून गेल्या महिन्यात माळा रिकामा करायला घेतला आणि आजोबांची शिकारीची पेटी हाती लागली. इथे कुणाला बंदुकीच्या दारूतलं कळत असेल तर कृपया मदत करा. गूगलवर दोन दिवस घालवले, पण माझ्या प्रश्नाची भाषाच तिथे कुणाला कळत नाही.

रायफल पेटीत नव्हती. ती माझ्या चुलतभावाकडे मुरारला आहे, त्याच्या परवान्यावर. इंग्रजी बनावटीची दुनळी, घोडे बाहेरून दिसतात, पाचशे बोअरची, म्हणजे नळी अर्ध्या इंचाची. घरात सगळे तिला नुसतं 'पाचशे' म्हणतात. माझ्या आठवणीत तिचा बार कधीच निघालेला नाही.

पेटीत आहे ते असं: सोनाराचा छोटा तराजू, एक पितळी माप, लाकडी दट्ट्या, जाड कागदाच्या चकत्या, रिकाम्या पितळी पुंगळ्या, अठरा भरलेली काडतुसं, आणि झाकण गंजून बसलेला एक टिनाचा डबा. डबा जड आहे. तो मी उघडलेला नाही. आणि एक वही, १९३८ ते १९५४ सालची, अर्धी मोडीत, अर्धी देवनागरीत.

आजोबा काडतुसं घरीच भरत. ते त्यांना 'तोटे' लिहितात. कोणती दारू, किती, आणि गोळ्या कुठे पडल्या, याची त्यांनी ओळ न् ओळ नोंद ठेवली आहे. देवनागरीतल्या तीन नोंदी जशाच्या तशा देते:

'सहा नंबर. ७३ गुं. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकत्र. उत्तम.'

'बाजारची दारू, तितकीच. धूर फार, नळी घाण. गोळ्या फाकल्या.'

'कॉर्डाइट. धूर नाही, धक्का कमी. उजवीची डावीकडे, डावीची उजवीकडे. वैशाखात माप आणखी कमी करावे लागते. या बंदुकीला नको.'

तिसरी नोंद वाचून मला आधी वाटलं की घाईत उलटं लिहून गेले. उजव्या नळीची गोळी डावीकडे कशी जाईल? पण वहीत हेच तीन ठिकाणी आहे, आणि आजोबा तीनदा चुकणारे नव्हते.

'सहा नंबर' म्हणजे काय? ७३ हा आकडा कुठून आला? आणि एकाच रायफलीला एक दारू चालते, दुसरी का चालत नाही?

आता मुख्य गोष्ट. बाबा ८४ वर्षांचे आहेत. आजोबा तोटे भरत तेव्हा तराजू धरायचं काम बाबांचं, तेव्हा ते बारा-तेरा वर्षांचे होते. पेटी पाहिल्यापासून त्यांनी एकच धरलं आहे की येत्या खंडेनवमीला शस्त्रपूजन झाल्यावर, वहीत लिहिल्याप्रमाणे एक तोटा भरायचा आणि पाचशेचा एक बार काढायचा. फक्त एक. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे फार काही मागितलेलं नाही, त्यामुळे सरळ नाही म्हणायला जीभ रेटत नाही. आज मिळणाऱ्या दारूंपैकी कोणती 'सहा नंबर'च्या जवळची आहे?

प्रतिसाद, नागपूरहून

ताई, बाकी सगळं नंतर. आधी तो डबा.

मी स्फोटकांच्या क्षेत्रात नोकरी केली आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. डबा उघडू नका, झाकण ठोकू नका, हलवून पाहू नका, पोलीस ठाण्यात नेण्यासाठी गाडीत घालू नका. आत काळी दारू असेल तर ती जुनी झाली म्हणून निकामी झाली असं समजू नका. सोरा, कोळसा आणि गंधक यांचं ते मिश्रण कोरडं राहिलं तर शंभर वर्षांनीही तसंच पेटतं, आणि गंजलेलं झाकण पिरगळताना उडालेली एक ठिणगीही त्याला पुरते. ओली होऊन पुन्हा वाळलेली दारूही पेटते.

आत कॉर्डाइट, म्हणजे जुनी इंग्रजी धूरविरहित दारू, असेल तर गोष्ट वेगळी, पण बरी नाही. त्यात नायट्रोग्लिसरीन असतं आणि नायट्रोसेल्युलोज असतं. नायट्रोसेल्युलोज वर्षानुवर्षं हळूहळू विघटित होत राहतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढचं विघटन वाढवतं. हे थोपवण्यासाठी घातलेलं द्रव्य कधीतरी संपतं. ग्वाल्हेरच्या माळ्यावरचे सत्तर उन्हाळे म्हणजे या कामाला भट्टीच. डब्याजवळ आंबूस, नाकाला झोंबणारा वास येतोय का? तांबूस डाग आहेत का? असतील किंवा नसतील, खोली बंद करा, घरच्यांना बाहेर ठेवा आणि ठाण्यात कळवा. बॉम्बशोधक पथक येऊन घेऊन जाईल.

काडतुसांच्या पितळेला, विशेषतः तोंडाशी, बारीक उभ्या भेगा दिसतात का तेही लांबूनच पाहा. पितळ ताणाखाली असलं आणि हवेत अमोनिया असला की ते असं तडकतं. हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेला हा त्रास पावसाळ्यात व्हायचा, कारण दारूगोळा घोड्यांच्या पागांमध्ये ठेवलेला असे. कारणाचा उलगडा १९२१ साली झाला. तुमच्या वाड्यात पागा होती का?

धागाकर्ती

दादा, पागा होती. माळा तिच्यावरच आहे. अंगावर काटा आला. खोलीला कुलूप लावलं आहे, सकाळी ठाण्यात फोन करते.

प्रतिसाद, पुण्याहून

७३ चं मी सांगतो. आमचा व्यवसाय सराफीचा, तीन पिढ्यांचा. गुं. म्हणजे गुंज. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा (ग्रेन हे त्यांचं बारीक वजन) ठरवून टाकला. त्यामुळे एक गुंज म्हणजे १.८७५ ग्रेन, आणि ७३ गुंजा म्हणजे जवळपास १३७ ग्रेन. आता १३७ ग्रेन का, ते बंदूकवाल्यांनी सांगावं.

प्रतिसाद, डॅलसहून

१३७ वाचून खुर्चीतून उठलोच! पाच ड्रॅम, ताई. एक ड्रॅम २७.३४ ग्रेनचा, त्याचे पाच म्हणजे १३६.७. काळ्या दारूच्या काळात पाचशे बोअरच्या तीन इंची पुंगळीत एवढीच दारू भरत. तुमच्या आजोबांनी इंग्रजी माप घेतलं आणि सोनाराच्या वजनांत बसवलं. फरक राहिला तो ग्रेनच्या पाव भागाइतकासुद्धा नाही.

'सहा नंबर' म्हणजे बहुधा कर्टिस अँड हार्वे या इंग्रज कंपनीची नंबर ६ काळी दारू. असल्या एक्स्प्रेस, म्हणजे भरपूर दारूने गोळी वेगात सोडणाऱ्या, रायफलींसाठी तीच नावाजलेली होती.

मी इथे बारा वर्षं स्वतःच्या शिकारीच्या रायफलींची काडतुसं भरतो, इथल्या कायद्यात ते बसतं. म्हणून दारू कशी निवडतात ते सांगतो, म्हणजे बाबांची रायफल त्यात का बसत नाही तेही कळेल.

पहिला प्रश्न जळण्याच्या वेगाचा. पाचोळा भक्कन पेटून संपतो, गोवरी धगधगत राहते. सगळी धूरविरहित दारू या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असते. पुंगळी मोठी, नळी अरुंद आणि गोळी जड असेल तर गोवरीच्या बाजूची दारू लागते, कारण जड गोळी हलायला वेळ घेते आणि तेवढ्यात सगळी दारू भडकली तर दाब पुंगळीला सोसवत नाही. माझ्या .३०८ रायफलीला व्हर्गेट नावाची दारू चालते. .३०-०६ मध्ये जड गोळी असेल तर मी एच-४३५० कडे वळतो, ती त्याहून सावकाश जळते.

नावावर अजिबात जाऊ नये. ४८९५ आणि ४३५० हे आकडे वेगवेगळ्या ब्रँडच्या डब्यांवर दिसतात, पण आतला माल एक नाही, मापंही एक नाहीत. कंपनीने छापलेला तक्ता उघडायचा, त्या नेमक्या दारूचं आणि नेमक्या गोळीचं सुरुवातीचं माप घ्यायचं आणि तिथून पुढे सावकाश जायचं. मित्राने सांगितलेलं माप मी कधीच वापरत नाही. पुंगळी बऱ्यापैकी भरेल अशी दारू मला आवडते, कारण मग चुकून दोनदा भरली तर ती बाहेर सांडते आणि चूक डोळ्यांना दिसते.

आणि उष्मा. हे तुमच्या आजोबांनी 'वैशाखात माप कमी' असं एका ओळीत लिहिलंय. कॉर्डाइट उन्हात तापलं की दाब वाढतो. इंग्रज कारखानदार हिंदुस्थान आणि आफ्रिकेसाठी मुद्दाम कमी दारूची 'ट्रॉपिकल' काडतुसं काढत. आता व्हर्गेट आणि एच-४३५० सारख्या दारू उष्म्याने फारशा बदलत नाहीत अशाच बनवलेल्या असतात, आणि टेक्सासच्या ऑगस्टमध्ये मी त्याचे पैसे आनंदाने मोजतो.

यातली एकही दारू पाचशेत घालायची नाही. काळी दारू पुंगळी भरून घातली तरी तिचा दाब मवाळ असतो आणि ती नळी त्या दाबासाठी घडवलेली असते. तितक्याच जागेत आजची दारू भरली तर नळी फुटेल, आणि बंदूक धरणाऱ्याचा डावा हात जाईल. जुन्या रायफलीवर नायट्रोची, म्हणजे धूरविरहित दारूची, चाचणी झाली असेल तर नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर तसा ठसा असतो. पण ठसा शंभर वर्षांपूर्वीच्या नळीबद्दल बोलतो, आजच्या नाही.

आता तो उजवी-डावीचा मुद्दा. आजोबांनी बरोबरच लिहिलंय! दुनळीच्या नळ्या समांतर नसतात, पुढे किंचित जवळ येतात. उजवी नळी डागली की धक्क्याने बंदूक उजवीकडे वळते, डावी डागली की डावीकडे. कारागीर हे वळणं धरून, एका ठराविक बारासाठी, नळ्या जुळवून झाळतो. कॉर्डाइटचं वजन कमी, म्हणून धक्का कमी, बंदूक तेवढी वळत नाही आणि गोळ्या एकमेकींना ओलांडून जातात. बाजारची दारू मंद असेल तर गोळी नळीत जास्त वेळ राहते, तोवर बंदूक जास्त वळते आणि गोळ्या फाकतात. ज्या बारासाठी बंदूक जुळवली होती तो त्यांनी कागदावर खुणा करत शोधून काढला. मला त्या माणसाला भेटायला आवडलं असतं.

प्रतिसाद, इंदूरहून

वकिली करतो म्हणून थोडक्यात. काडतूस भरणं म्हणजे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा तयार करणंच, त्याला वेगळा परवाना लागतो. भावाचा परवाना रायफल बाळगण्याचा आहे, त्यात भरण्याची मुभा येत नाही. दुसरं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर समारंभात, धार्मिक कार्यक्रमात इतरांच्या जिवाला धोका होईल असा बार काढणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ग्वाल्हेर-चंबळकडे लग्नांत चाललेल्या गोळ्यांनी किती घरं बुडाली हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ती अठरा काडतुसं कलम २१ प्रमाणे विनाविलंब जमा करा आणि पावती घ्या. 'सापडली, लगेच कळवलं' हे लेखी असू द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहिते आहे, त्याबद्दल माफ करा.

डबा आणि काडतुसं गेली. पथकाने फार सांभाळून काम केलं, तीन तास लागले, शेजारची दोन घरंही रिकामी करवली. दोन काडतुसांच्या तोंडाशी उभ्या भेगा होत्या, पथकातल्या माणसाने मला लांबून दाखवल्या. नागपूरचे दादा, तुम्ही लिहिलं नसतं तर त्या रविवारी मी डबा उघडणार होते.

बाबांना बार निघणार नाही हे सांगितलं. दोन दिवस बोलले नाहीत. मग मी ७३ चा हिशोब कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पितळी माप आणायला सांगितलं आणि बुडाशी अंगठा घासला. तिथे ५ कोरलेला आहे, मी पंधरा दिवस ते माप हाताळत होते आणि मला दिसला नव्हता.

मी विचारलं, पाच ड्रॅमचं माप घरात होतं तर तराजू कशाला? बाबा म्हणाले, "माप सहा नंबरचं होतं. बाजारची दारू कधी भरड यायची, कधी भुकटी, त्याच मापात कधी जास्त बसायची कधी कमी. म्हणून अण्णा आधी सहा नंबर मापाने घेऊन तोलायचे आणि मग बाजारची तेवढीच तोलायचे. मी तराजू धरायचो, श्वास रोखून, पारडं हललं की टपली बसायची." एवढं एका दमात ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते.

खंडेनवमीला भाऊ पाचशे घेऊन येणार आहे, रिकामी. पाटावर तिच्याशेजारी तराजू आणि वही ठेवायची असं बाबांनी ठरवलं आहे.

पुण्याच्या दादांना किंवा कुणाही मोडी जाणणाऱ्याला एक विनंती. वहीच्या शेवटच्या पानावर, १९५४ च्या मार्गशीर्षात, दोनच ओळी आहेत आणि त्यानंतर कोरी पानं. 'पाचशे' आणि 'शिवपुरी' एवढे दोनच शब्द मला लागतात. बाबांना मोडी येत नाही आणि त्या दिवशी काय झालं ते त्यांना माहीत नाही. फोटो जोडते आहे. शाई फिकट आहे, पण उजेडात धरून काढला आहे.