मोर्चा-आंदोलनांचे फोटो काढताना काय काळजी घ्यावी? (नाशिक)

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. पोट लग्नाच्या ऑर्डरींवर चालतं, पण सध्या एका छोट्या साप्ताहिकासाठी मोर्चे, उपोषणं, रास्ता रोको पण करतेय. अधिस्वीकृती कार्ड (सरकारचं पत्रकार ओळखपत्र) नाही. परवा कलेक्टर ऑफिससमोर बंदोबस्तावरच्या एका साहेबांनी दम भरला, "प्रेस का? कार्ड दाखवा, नाहीतर फोटो डिलीट करा." शेजारचे एक चॅनेलवाले दादा मध्ये पडले म्हणून निभावलं. दरवेळी ते थोडेच असणार आहेत?
कार्ड नसताना मला तिथे उभं राहायचा हक्क आहे का? मेमरी कार्ड मागितलं तर काय करायचं? आणि २४-७० लेन्स पुरेल की लांबचं टिपणारी ७०-२०० भाड्याने घेऊ? "घरी बस" हा सल्ला आईने देऊन झालाय, तो सोडून काहीही चालेल.

सिन्नर_फाटा
लेन्सचं आधी सांगतो, ते सोपं आहे. ७०-२०० लग्नालाच ठेवा. मेहेर सिग्नल ते सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) पट्ट्यात मोर्चा आला की मागे सरकायला जागाच उरत नाही, २४-७० भरपूर झाली. लांबून काढलेल्या फोटोत माणसं दिसतात, पण त्यांचं म्हणणं काही पोचत नाही. कॅमेरा बॉडी मात्र दोन मेमरी कार्डांची घ्या, एकावर रॉ (कच्ची मूळ फाइल), दुसऱ्यावर जेपेग. आणि शिष्टमंडळ निवेदन देतानाचा फोटो सगळेच काढतात. तुम्ही त्या वेळी गोल्फ क्लब मैदानावर सावलीला भाकरीचं गाठोडं सोडून बसलेल्यांकडे जा.

वकील_नाशिकरोड
ताई, राज्यघटनेत प्रेससाठी वेगळं कलमच नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलम १९(१)(अ) प्रत्येक नागरिकाला आहे आणि वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य त्यातच येतं, हे सुप्रीम कोर्टाने १९५० सालीच रोमेश थापर खटल्यात सांगितलंय. त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून फोटो काढायला अधिस्वीकृती लागत नाही. ते कार्ड सरकारी सोयी-सवलतींसाठी. मात्र जमावबंदी लागू असेल किंवा बॅरिकेडच्या मागे व्हा म्हणाले, तर व्हा. वाद नंतर लेखी घालता येतो.

फोटो पुसायला लावायचा अधिकार पोलिसांना कुठल्याही कायद्याने दिलेला नाही. पुरावा वाटला तर जप्त करू शकतात, पण मग जप्तीचा पंचनामा आला, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरणही आलं. तेव्हा आवाज न चढवता एवढंच म्हणा, "साहेब, पुरावा असेल तर रीतसर जप्त करा, पंचनाम्याची प्रत द्या." पंचनाम्याचं नाव काढलं की निम्मे विषय तिथेच मिटतात. नंतर फुटेज मागितलं तर त्याच संहितेच्या कलम ९४ खाली लेखी मागणी घ्या आणि आधी संपादकांना कळवा.

ठाण्यात नेलं तर "इथे शूटिंग केलं म्हणून शासकीय गोपनीयता कायदा (ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्ट) लावतो" असंही ऐकवतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'निषिद्ध ठिकाण' नाही.

आता तुमची खरी अडचण. २०१७ च्या पत्रकार संरक्षण कायद्यात हल्ला अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तपास उपअधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. पण त्यातली व्याख्या माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी काम करणाऱ्यांची आहे. फोटोमागे पैसे घेणारा मुक्त छायाचित्रकार त्यात बसतो का, यावर समोरचा वकील तासभर भांडेल. म्हणून साप्ताहिकाच्या लेटरहेडवर कंत्राटाचं पत्र घ्या, शिक्क्यासह. सप्टेंबर २०२५ मध्ये त्र्यंबकेश्वरला वार्तांकनाला गेलेल्या पत्रकारांना मारहाण झाली, तेव्हाही याच कायद्याखाली कारवाईची मागणी झाली होती. ते मोठ्या चॅनेलचे होते. तुमच्यामागे कागदच उभा राहणार.

आडगाव_नाका
वकीलसाहेब, बरोबर आहे, पण ऐन धक्काबुक्कीत कलमं म्हणून दाखवली तर आधी फटका बसतो. मी सकाळीच बंदोबस्ताच्या पीआयना (पोलीस निरीक्षकांना) भेटून तोंडओळख करून घेतो. दुपारी तोच माणूस "ते आपले फोटोवाले आहेत" म्हणतो. लाठीमार सुरू झाला की पोलीस आणि जमाव यांच्या मध्ये कधीच नाही, कडेला, पाठ भिंतीला. अश्रुधुराची शक्यता असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स घालून जाऊ नका. आणि दमदाटीने पुसावेच लागले तर त्या कार्डवर पुढे एकही फोटो काढू नका. घरी येऊन फोटोरेक हे पुसलेले फोटो परत आणणारं सॉफ्टवेअर चालवा, फुकट आहे. बरंचसं परत येतं.

लासलगावकर
मी कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूचा माणूस. कांद्याच्या आंदोलनात आम्ही रस्त्यावर बसतो, तुम्ही फोटो काढता, छापून आला की आम्हालाही बरं वाटतं. पण एका रास्ता रोकोनंतर आमच्याकडच्या दोन पोरांना फोटोवरूनच नोटिसा आल्या. दोघंही पोलीस भरतीची तयारी करणारे. चारित्र्य पडताळणीत गुन्हा निघाला की पोराची दोन-तीन वर्षं गेली. प्रेसचं स्वातंत्र्य हवंच, पण त्याची किंमत त्या पोरांनी का मोजायची?

सिन्नर_फाटा
दादा, मुद्दा रास्त आहे. तरी मी चेहरे पुसट करत नाही. आज एक पुसट केला की उद्या कोणी म्हणेल दगड मारणाऱ्याचाही कर. दगड उचलला तर तो फोटो मी काढणारच, नाहीतर ते पत्रक झालं, बातमी नाही. हातात असतं ते फ्रेम निवडणं. २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च सीबीएसवरून निघाला, १८० किलोमीटर चालून मुंबईच्या आझाद मैदानात पोचला. देशभर गाजले ते फोडांनी सोललेल्या तळव्यांचे फोटो. त्यात चेहरा लागलाच नाही.

लासलगावकर
पाय तर आमचेच होते. पण मान्य. निदान मोठ्या साइजचे फोटो लगेच व्हॉट्सअॅप ग्रुपवर सोडू नका. पेपरात छापणं वेगळं, ग्रुपवर झूम करून बघणं वेगळं.

वकील_नाशिकरोड
याला माझाही दुजोरा. न छापलेले फोटो कोणालाच सहज देऊ नका, आंदोलकांनाही नाही. मूळ कार्ड जपा. कोर्टात गेलंच तर डिजिटल पुराव्यासाठी नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

गोदाकाठची
सगळ्यांचे आभार. पत्राचं आजच संपादकांच्या मागे लागते. एक राहिलं, मोर्च्याची गर्दी वरून दाखवायला ड्रोन घेतला तर?

आडगाव_नाका
नाशकात? देवळालीला तोफखाना, नाशिकरोडला नोट प्रेस, ओझरला एचएएल. उडवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा उघडा, पोलीस आयुक्तालयाचा आदेश बघा. त्यापेक्षा एखाद्या लॉजवाल्याशी ओळख काढून गच्ची मागा, चहाच्या पैशात काम होतं.