विषबाधा झाली तर भरपाईचा दावा लावावा का?

बाहेरून मागवलेलं जेवण जेवलो आणि दुसऱ्या रात्री आम्ही चौघंही आडवे. तिघं सावरलो, धाकटीला तीन दिवस सलाईन लागलं. शीर सापडेना म्हणून दोन्ही हातांना टोचलं, मनगटं काळीनिळी झाली होती. विकणाऱ्याचं उत्तर, "बाकी कुणाची तक्रार नाही." दवाखान्याचं बिल, बुडालेला पगार आणि तिने जे सोसलं त्याची भरपाई मागायचीच, असं माझं ठाम मत आहे. तुमचं काय?

प्रतिसाद १:
राग रास्त आहे दादा, पण दावा लावू नका. माणूस शेवटच्या जेवणावर संशय घेतो आणि तिथेच फसतो. साल्मोनेला या अन्नातून होणाऱ्या जंतूसंसर्गाची लक्षणं सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही दिसतात, हिपॅटायटिस ए हा यकृताचा आजार तर १५ ते ५० दिवस दबा धरून बसतो. समोरचा वकील पहिलं हेच विचारेल, मधे आणखी काय काय खाल्लं?

धागाकर्ता:
त्या आठवड्यात चौघांनी मिळून खाल्लेलं तेवढं एकच. बाकी चौघांची जेवणं चार ठिकाणी.

प्रतिसाद २:
मी प्रयोगशाळेत काम करते. पहिल्या प्रतिसादाशी असहमत. सामाईक जेवण एकच, हा भक्कम दुवा आहे. पण शौचाचा नमुना कधी दिलात? अँटिबायोटिक सुरू झाल्यावर तो बऱ्याचदा निगेटिव्ह येतो. उरलेलं अन्न फ्रीजमध्ये असेल तर टाकू नका. रुग्णातल्या आणि अन्नातल्या जंतूची जनुकीय रचना जुळली, तर विकणाऱ्याला उत्तर द्यावंच लागेल.

आणि कायदा इतका दुबळा नाही. १९२८ साली स्कॉटलंडमध्ये मे डॉनोह्यू यांनी जिंजर बिअरच्या बाटलीतून कुजलेली गोगलगाय निघाल्याची तक्रार केली. बाटली मैत्रिणीने घेतलेली, म्हणजे यांचा कुणाशी व्यवहारच नव्हता. तरी १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, पिणाऱ्याची काळजी घेणं हे उत्पादकाचं कर्तव्य आहे.

प्रतिसाद १:
बरोबर ताई, पण बाटलीत खरंच गोगलगाय होती का, हे न्यायालयात कधीच सिद्ध झालं नाही. उत्पादक स्टीव्हन्सन वारले आणि प्रकरण तडजोडीने मिटलं. कर्तव्य ठरलं, पुरावा तपासलाच गेला नाही. म्हणून म्हणतो, आरोग्य खात्याकडे लेखी तक्रार करा. त्यांनी ते स्वयंपाकघर तपासलं तर दुसऱ्यांची पोरं तरी वाचतील.

धागाकर्ता:
नमुना अँटिबायोटिकनंतरच घेतला गेला, निगेटिव्ह आला. अन्न त्याच रात्री फेकलं, तेव्हा कुणाला सुचतंय? तक्रार आजच करतो. पण दावाही लावणार. चौघांच्या केसपेपरवर तारीख एकच आहे, आणि धाकटी अजून प्रत्येक घास हुंगून मग तोंडात घालते.